टेबलावरून सुटलेली गोळी ते आबांचा पंप : आडव्या फेकीच्या गणितांच्या नोंदी

१८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली, अकरावीची बॅच परत सुरू झाली आणि आल्या आल्या छोटी टेस्ट घेतली. प्रश्न एकच. ८० मीटर उंच कड्यावरून दगड १५ मी/से वेगाने आडवा फेकला तर कड्याच्या पायथ्यापासून किती लांब समुद्रात पडेल, जी (गुरुत्व त्वरण) १० धरा. उत्तर तोंडी निघण्यासारखं आहे, खाली यायला ४ सेकंद, म्हणून ६० मीटर.

निम्म्याहून जास्त वह्यांत ४१.६ आलं. एवढ्या जणांचं एकच चुकीचं उत्तर म्हटल्यावर कॉपीचा संशय आला पण तसं नव्हतं, सगळ्यांनी प्रामाणिकपणे एकच गोष्ट केली होती. ८० = १५टी + ५टी² मांडलं, टी म्हणजे वेळ. म्हणजे आडवा वेग उचलून उभ्या समीकरणात घातला. टी २.७७ आला आणि त्याला १५ ने गुणलं. दोघांनी तर ८० भागिले १५ केलं आणि दगड सरळ रेषेत उतरवला.

फळ्यावर मधोमध रेघ मारली, डावीकडे आडवं, उजवीकडे उभं. डावीकडचं काही उजवीकडे न्यायचं नाही, फक्त वेळ दोन्हीकडे तोच. उभ्या बाजूला सुरुवातीचा वेग शून्य, तो आधी लिहायचा, बाकीचं नंतर. पोरांनी माना डोलावल्या. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, पण ते १५ कोणी मोजलं?"

मी म्हटलं दिलेलं असतं. ती म्हणाली हो पण कोणी मोजलं.

त्या प्रश्नामुळे हे सगळं काम सुरू झालं. कोणाला आपल्या क्लासमध्ये करून बघायचं असेल म्हणून लिहून ठेवतोय. थिअरी पुस्तकात आहे, इथे फक्त काय केलं, काय फसलं आणि कशामुळे.

२० नोव्हेंबर

आधी फुकटातला प्रयोग. पोरांच्या डोक्यात घट्ट बसलंय की जोरात फेकलेली वस्तू जास्त वेळ हवेत राहते. टेबलाच्या कडेला प्लास्टिकची पट्टी तिरकी ठेवायची, तिचं एक टोक कडेबाहेर. बाहेरच्या टोकावर एक नाणं, आणि आतल्या टोकाच्या पुढ्यात टेबलावर, अगदी कडेशी, दुसरं नाणं. पट्टी मधे बोटाने दाबून धरायची आणि टिचकी मारून फिरवायची. बाहेरच्या नाण्याखालून पट्टी सटकते आणि ते जवळपास जागच्या जागी खाली पडतं, टेबलावरचं नाणं ढकललं जाऊन लांब उडतं.

डोळ्याने बघायला गेलं की काही कळत नाही. डोळे मिटून ऐकायचं. शेणाने सारवलेल्या पडवीत आवाजच धड येईना म्हणून आत लादीवर आलो. दोन नाण्यांचा एकच "टक". मोबाईलवर रेकॉर्ड करून परत परत ऐकवलं तरी मागे बसलेला एक जण म्हणे जराशी पुढे-मागे आहेत. त्याला टिचकी आणखी जोरात मारायला लावली, नाणं कपाटाखाली गेलं, टक एकच.

हे आधी करा. नाहीतर पुढे गोळी चुकीच्या जागी पडली की पोरं वेळेवरच शंका घेत बसतात.

२३ नोव्हेंबर

सामानाची जमवाजमव. हवाय एक उतार, ज्यावरून गोळी सोडली की दरवेळी त्याच वेगाने आणि बरोब्बर आडवी टेबलावरून सुटेल. हाताने ढकलून काही उपयोग नाही, हात दरवेळी वेगळा.

गॅरेजवाल्याने जुन्या बेरिंगमधली गोळी फुकट दिली, व्हर्नियरवर १९ मिमी. वजन हिशोबाने २८ ग्रॅमच्या आसपास. उतारासाठी वायरिंगची सगळ्यात लहान प्लास्टिक पट्टी घेतली, झाकण बाजूला काढून ठेवलं, ५० रुपये. प्लायचा तुकडा घरातच होता, त्यावर पेन्सिलने वळण काढून खिळे मारले आणि खिळ्यांच्या आधाराने पट्टी वाकवली. गार पट्टी वाकवताना एकदा तडकली. दुसरा तुकडा गरम पाण्यात बुडवून काढला मग मुकाट वळला. शेवटचा वीतभर भाग सपाट ठेवलाय, गोळी टेबल सोडताना आडवी जायला हवी म्हणून.

कार्बन पेपर मात्र मिळेना. स्टेशनरीवाला म्हणाला आता कोण वापरतं. शेवटी तालुक्याच्या गावात टायपिंगचं काम करणाऱ्याकडे मिळाले, त्यात अख्खी दुपार गेली. ते नसतील तर जमिनीवर रांगोळी चाळून पसरा, खूण छान उमटते, पण प्रत्येक वेळी परत चाळावी लागते.

२४ नोव्हेंबर

आज खरी गंमत. टेबल लादीवर, गोळी सुटते ती उंची ७६ सेमी. उतारावर गोळी जिथून सोडतो ती जागा सुटण्याच्या टोकापासून २० सेमी वर. पोरांना सांगितलं गोळी सोडायच्या आधी गणित करा आणि जिथे पडेल म्हणता तिथे नारळाची करवंटी ठेवा.

पोरांनी ऊर्जेचं सूत्र लावलं. २० सेमी खाली आली म्हणजे वेग = √(२ × ९.८ × ०.२०) = १.९८ मी/से. पडायचा वेळ = √(२ × ०.७६ ÷ ९.८) = ०.३९४ सेकंद. गुणाकार ७८ सेमी. एकाने ७६ मीटर धरून उत्तर काढलं होतं, बाकीच्यांनीच त्याला धरला. सेमी आणि मीटर एकाच ओळीत आले की दरवर्षी कोणाचा तरी बळी जातोच.

करवंटी ७८ वर ठेवली. गोळी सोडली. करवंटीच्या बरीच अलीकडे पडली, उडाली, करवंटीला बाहेरून थडकली. परत सोडली, तेच. म्हणजे गोळीचं काही चुकत नाहीये, दरवेळी जवळपास तिथेच पडतेय, आपलंच चुकतंय. कार्बन पेपर टाकून मोजलं तर कोणाचं ५९, कोणाचं ६५, कोणाचं तर ८०च्या वर.

लगेच सगळे एका सुरात म्हणाले, "हवेचा अडथळा." हे उत्तर पोरांना फार आवडतं, काहीही जुळलं नाही की हवा. मग हवेचाच हिशोब काढायला बसलो. एवढ्या गोळीवर, दोन मी/से च्या आसपास वेगाला, हवेचा अडथळा तिच्या वजनाच्या हजाराव्या भागाएवढा येतो. त्याने १९ सेंटीमीटर जात नाहीत. हवा सुटली, म्हणजे आरोपातून.

२५ नोव्हेंबर

आधी मोजमापातली गडबड. ६५ वाल्याने टेबलाच्या पायापासून टेप लावली होती. टेबलाची फळी पायाच्या पुढे येते आणि आमची पट्टी फळीच्याही थोडी पुढे, आणि गोळी सुटते ती पट्टीच्या टोकावरून. गवंडीकाम करणाऱ्या एका पालकांचा ओळंबा आणला, टोकावरून खाली सोडला, लादीवर खडूने फुली मारली. यापुढे सगळं त्या फुलीपासून. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधा, पण हलायचा थांबेपर्यंत दम धरा.

८० वाल्याने दुसऱ्या उडीची खूण मोजलेली. गोळी लादीवर पडून परत उडते आणि कार्बनवर दुसरा ठिपका पडतो, आणि आपल्याला ७८ हवं असतं त्यामुळे डोळा बरोबर त्याच ठिपक्यावर जातो. म्हणून कार्बनचा लहान तुकडाच ठेवायचा, त्याच्या पुढे जुनं पोतं, गोळी पोत्यात जाऊन गप्प बसते आणि कपाटाखाली शोधायला लागत नाही.

आता सगळ्यांचं मोजमाप ५९च्या आत-बाहेर. गणित ७८.

२७ नोव्हेंबर

पट्टीचं टोक खरंच आडवं आहे का ते बघितलं. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप एवढ्याशा टोकावर बसत नाही, त्यापेक्षा गोळीच टोकाजवळ अलगद ठेवली. आपोआप पुढे निघाली. म्हणजे टोक खाली झुकलंय.

झुकाव तीनेक अंश होता. दिसायला काहीच नाही, पण तेवढ्याने गोळीला सुटतानाच खालच्या दिशेने वेग मिळतो, म्हणजे उभ्या बाजूला आपण जो शून्य लिहितो तो शून्यच राहत नाही. हिशोब केला तर साधारण सव्वा सेंटीमीटरचा फरक निघाला. टोकाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारत गेलो, गोळी ठेवली की जागेवर राहीपर्यंत. अंतर ५९ वरून ६० वर आलं.

म्हणजे हे कारण खरं होतं पण लहान. १८ सेंटीमीटर अजून बेपत्ताच.

३० नोव्हेंबर

खरं कारण म्हणजे गोळी घसरत नाही, घरंगळते. वरून खाली येताना जी ऊर्जा मिळाली तिचा काही वाटा पुढे जाण्यात जातो आणि काही स्वतःभोवती फिरण्यात. पोरांनी सगळी पुढे जाण्यात घातली होती. हे मला २४ तारखेलाच सांगता आलं असतं पण मुद्दाम थांबलो, कारण तेव्हा सांगितलं असतं तर टेबलाचा पाय, दुसरा ठिपका आणि झुकलेलं टोक हे सगळं या एका कारणाच्या पोटात लपून गेलं असतं.

भरीव गोळी सपाट पृष्ठभागावर न घसरता घरंगळली तर सातातले पाच वाटे पुढे, दोन फिरण्यात. वेग = √(१० ÷ ७ × ९.८ × ०.२०) = १.६७, अंतर ६६ सेमी. हे बारावीच्या पहिल्या धड्यात येतं, अकरावीला नुसतं विश्वास ठेवा म्हणालो. ७८ चं ६६ झालं. पण पडतेय ६० वर.

इथे थोडा वेळ मीही अडलो. घर्षण म्हणून सोडून देणार होतो. मग पट्टीत डोकावून बघितलं. गोळी पट्टीच्या तळाला टेकतच नाही! ती दोन्ही कडांवर बसलीय, कडांमधलं अंतर १२ मिमी. म्हणजे गोळीची त्रिज्या ९.५ मिमी पण ती ज्या रेषेवर घरंगळतेय ती केंद्रापासून √(९.५² − ६²) = ७.४ मिमीवरच आहे. तेवढंच पुढे जायला तिला जास्त फेरे मारावे लागतात, फिरण्यात जास्त ऊर्जा जाते. हिशोबात ते घातलं की पुढे जाण्याचा वाटा ७१ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर येतो. वेग १.५३, अंतर ६०.४ सेमी.

टेपवर ६०. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र खरं सांगायचं तर चहा प्यावासा वाटत होता.

हे करणाऱ्यांना सल्ला : गोळीपेक्षा चांगली रुंद पन्हाळी घेतलीत, म्हणजे पाईप उभा चिरून वगैरे, तर गोळी तळाला टेकते आणि सातातले पाच हे सोपं गणित चालतं. आमची अरुंद पट्टी स्वस्त पडली पण डोकं जास्त खाल्लं.

३ डिसेंबर

काही काम नाही. गावात जत्रा, रात्रभर दशावतार, सकाळच्या बॅचला अर्धी पोरं गैरहजर आणि आलेली पेंगत होती.

५ डिसेंबर

आज त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत आलो. १५ कोणी मोजलं? समजा आपल्याला घरंगळण्याचं काहीच माहीत नाही. कडांवर बसणं, ७.४ मिमी, काही नाही. तरी वेग मिळतो. गोळी एकदा पाडायची, अंतर ६० सेमी, वेळ ०.३९४ सेकंद, भागाकार करा, १.५२ मी/से. उतार कसा आहे, पट्टी कसली आहे, घर्षण किती, कशाशी देणंघेणं नाही. उंची आणि अंतर, दोन टेपची मापं, आणि वेग हातात. ना सेन्सर, ना स्टॉपवॉच.

आता त्या वेगावर पुढचं भाकीत. टेबल पडवीच्या कडेला आणला, खाली अंगण, जोतं ६० सेमी, म्हणजे एकूण १३६. वर्गात आधी विचारलं, उंची पावणेदोन पटीहून जास्त झाली मग अंतर? बहुतेक जण म्हणाले तेवढ्याच पटीने, १०७. गणित : वेळ √(२ × १.३६ ÷ ९.८) = ०.५२७, गुणिले १.५२, ८० सेमी. उंची वर्गमुळात जाते हे फळ्यावर सांगून कोणाला पटत नाही.

अंगण सारखं नव्हतं, ओळंब्याखालची जागा आणि गोळी पडायची जागा यांत दोन बोटांचा फरक होता, तिथे चिऱ्याचा सपाट तुकडा टाकून पातळी जुळवली. टोक परत आडवं केलं, टेबल हलवला की ते बिघडतंच. करवंटी ८० वर.

गोळी पहिल्याच वेळी करवंटीत. आवाज एवढा आला की शेजारचे आबा बघायला आले.

७ डिसेंबर

गोळी २० ऐवजी १० सेमीवरून सोडली. अंतर ६० भागिले √२, म्हणजे ४२.४ यायला हवं. ४२ आलं.

पोरांना सांगितलं की हेच काम गॅलिलिओने इटलीतल्या पादुआ शहरात १६०८च्या सुमारास केलंय, त्याच्या हातच्या कागदावर ते आकडे अजून आहेत. टेबलाची उंची ८२८ पुंती. पुंतो हे त्याचं माप, मिलीमीटरच्या जवळपासचं. गोळी ३०० पुंती वरून सोडली तर ८०० पुंती लांब पडली. मग त्याने त्या ८०० वरून पुढचं काढलं, ६०० वरून सोडली तर ११३१ यायला पाहिजे, प्रत्यक्षात ११७२ आलं. घरंगळण्यात ऊर्जा किती जाते हे त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. पण पहिल्या मापावरून दुसरं काढलं की ते माहीत असावं लागतच नाही, गुणोत्तरात ते उडून जातं. आम्ही ५ तारखेला केलं ते हेच.

एक पोरगा म्हणाला त्याचंसुद्धा ४१ चुकलं की. मी म्हटलं तुझ्या १९ पेक्षा टक्केवारीत बघ.

१० डिसेंबर

फसलेला प्रयोग. उत्साहाच्या भरात जेट्टीवर गेलो, हाताने बॉल समुद्रात फेकायचा आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये वेग काढायचा असा बेत.

एक तर पाण्यावर खूण राहत नाही. दुसरं, आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढत होतं, दोरी सोडून उंची मोजली आणि तासाभराने परत मोजली तर चांगलीच कमी. तिसरं आणि मुख्य, हाताने कोणीच आडवं फेकत नाही. आडवं फेकलंय असं वाटतं तेव्हासुद्धा बॉल थोडा वरच्या दिशेने सुटलेला असतो, व्हिडिओत स्पष्ट दिसत होतं. समजा ३ मीटर उंचीवरून १२ मी/से ने फेकला, बरोबर आडवा गेला तर ९.४ मीटर, आणि फक्त ५ अंश वर गेला तर १०.७. पाच अंश हातात कोणाला कळतात?

बॉल परत आणायला होडीवाल्याची मनधरणी करावी लागली, तो हसत होता ते वेगळं. हे करू नका. उतार किंवा पाईप, ज्याचं टोक आपल्याला आडवं लावता येतं, तेच घ्या.

१४ डिसेंबर

पोरांनी स्वतः गणित बनवलं. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच. गाडी ७२ किमी/तास ने जातेय, दारातून नारळ सुटला, किती पुढे पडेल? ७२ चे आधी २० मी/से केले, शाब्बास. वेळ ३.६१ सेकंद, अंतर ७२ मीटर.

गणित म्हणून बरोबर, पण इथे हवेला मोकळं सोडता येत नाही. ६४ मीटर पडून नारळ जमिनीजवळ खालच्या दिशेने ३५ मी/से च्या वेगाला यायला हवा, आणि सोडणासकट सव्वा किलोच्या, वीतभर जाडीच्या नारळावर त्या वेगाला हवेचा अडथळा जवळजवळ त्याच्या वजनाएवढा होतो. म्हणजे तो त्या वेगाला पोचणारच नाही आणि ७२ वर पडणारही नाही. टेबलावरून पडणाऱ्या गोळीला हवा हजारावा भाग, आणि इथे पूर्ण वजन. "हवा नगण्य माना" हे वाक्य प्रश्नात का छापलेलं असतं ते आज कळलं असावं. (प्रयोग वहीतच केला. गाडीतून काहीही टाकायचं नाही हे तीनदा बजावलंय.)

२१ डिसेंबर

आबा स्वतःहून आले. म्हणाले, "मास्तर, ती गोळी पाडतास ता ऱ्हवांदे, माझो पंप किती पाणी टाकता ता सांगशात काय? म्हातारो झालो काय तो माझ्यासारखो, ता कळूक होया."

विहिरीवरचा पंप, त्याचा पाईप आडवा येऊन माडांच्या पाटात पाणी टाकतो. आडव्या पाईपातून आडवं सुटणारं पाणी म्हणजे आमची गोळीच, फक्त संपत नाही. पाणी ठराविक खाली येईपर्यंत किती पुढे गेलं ते मोजायचं, वेग काढायचा, पाईपाच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने गुणायचं.

हत्यार : दोन लाकडी पट्ट्या काटकोनात खिळ्यांनी जोडल्या, काटकोन सुताराच्या गुण्याने तपासला. लांब पट्टी पाईपावर आडवी ठेवून पुढे सरकवायची, दुसरी खाली लोंबते. खालच्या पट्टीचं टोक पाण्याच्या धारेच्या वरच्या अंगाला जेमतेम टेकेल तिथे थांबायचं. पाणी ३० सेमी खाली आलेलं हवं, पाईपाची जाडी २ मिमी, म्हणून लोंबती पट्टी ३०.२ ठेवली.

पहिलं माप वाया गेलं कारण पाईप पुढे वाकलेला होता, उन्हाने लिबलेला. खाली चिरे रचले आणि गवंड्यांच्या पाण्याच्या नळीने पातळी लावली. शिवाय तोंडाच्या अगदी मागे एल्बो (वळणाचा जोड) होता, पाणी पिळवटून बाहेर येत होतं आणि धार एका अंगाला जात होती. पुढे सरळ पाईपाचा तुकडा जोडल्यावर धार नीट झाली. तोंड पूर्ण भरून पाणी येतंय ना तेही बघा, अर्धं भरून येत असेल तर क्षेत्रफळच चुकतं.

अंतर ४७ सेमी. ३० सेमी पडायला ०.२४७ सेकंद. वेग १.९ मी/से.

पाईप दोन इंची, आबा म्हणाले, मीही धरलं. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी, क्षेत्रफळ काढून सेकंदाला ३.८५ लिटर. २०० लिटरचं ड्रम ५२ सेकंदात भरायला पाहिजे असं पोरांनी जाहीर केलं. ड्रम आणायचा होता तेवढ्यात लाईट गेली.

२८ डिसेंबर

ड्रम आणलं. पंप आधी थोडा वेळ चालू ठेवला, धार स्थिर झाल्यावर ड्रम खाली सरकवलं. ४० सेकंदांत भरलं.

आबा : "बादली नाय तर ड्रम भरूक किती येळ लागता ता बघूक होया, कागद कित्याक होयो?"

पोरं माझ्याकडे बघायला लागली. १२ सेकंदांचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. वेगात एवढी चूक असेल तर अंतर ६१ यायला हवं होतं, टेप एवढी खोटं बोलत नाही. ओळंबा, पातळी, काटकोन सगळं परत बघितलं, ठीक होतं. "१५ कोणी मोजलं" विचारणारी मुलगी पाईपाच्या तोंडात पट्टी आडवी धरून म्हणाली, "सर, हा ५९ आहे."

बाजारात ज्याला दोन इंची म्हणतात तो पीव्हीसी पाईप बाहेरून ६३ मिमी असतो, आतून हा ५९ निघाला. व्यास ५१ ऐवजी ५९, वर्ग केला की एक तृतीयांशाहून जास्त वाढ. परत गुणाकार, सेकंदाला ५.१९ लिटर, ड्रम ३८.५ सेकंदांत. घड्याळात ४०. चार टक्क्यांचा फरक राहिला, तो धारेचं टोक नेमकं कुठे टेकतंय ते बघण्यात आणि ड्रम काठोकाठ भरलं कधी म्हणायचं यात जाऊ शकतो. मी यापुढे खोदत बसलो नाही.

४ जानेवारी

पाईप तोच आणि पडायची उंची तीच, म्हणून पाणी थेट अंतराच्या पटीत येतं. प्रत्येक सेंटीमीटरला सेकंदाला ०.११ लिटर. मग वर्गमूळ-बिर्गमूळ हवंच कशाला, लाकडी पट्टीवर सेंटीमीटरच्या जागी सरळ लिटर खुणा केल्या आणि वर वॉर्निश मारलं. पाईप बदलला की खुणा बदलायच्या, हे आबांना दोनदा सांगितलं.

सकाळी पंप सुरू केला तेव्हा ४७, तासाभराने ४४. पोरांना वाटलं मोजायला चुकलं. विहिरीत डोकावलं तर पाणी हातभर खाली गेलेलं, पंपाला तेवढं जास्त वर उचलावं लागतंय म्हणून ५.२ चं ४.९ झालं. पंप म्हातारा झालाय का हे मात्र एका दिवसाच्या मापाने ठरत नाही. त्यासाठी विहिरीत पाणी त्याच खुणेला असताना महिन्या-महिन्याने मोजायला लागेल. विहिरीच्या आत चिऱ्यावर रंगाने रेघ मारलीय.

खर्च : वायरिंगची पट्टी दोनदा १००, कार्बन पेपर ३०, खिळे आणि वॉर्निश ७०, सरळ पाईपाचा तुकडा आबांचा. प्लाय घरातला, गोळी, ओळंबा, ड्रम मागून आणलेलं. होडीवाल्याने पैसे घेतले नाहीत.

उद्या परत टेस्ट आहे. यावेळी प्रश्नात वेग दिलेला नाही, उंची आणि अंतर दिलंय.